तुम्ही विचारलंत म्हणून: फेल्डहाइमला जमलं, मग आपल्या गावाला का नाही?

जर्मनीतल्या फेल्डहाइमचं नाव काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "एकशे तीस वस्तीचं गाव स्वतःच्या विजेवर चालतं, मग आपल्याला का जमत नाही?" बहुतेकांकडं उत्तरही तयार असतं: तिकडची माणसं शिस्तीची, आपल्याकडं सगळं राजकारण. हे ऐकून ऐकून आता वैताग आलाय. शिस्तीनं वीज तयार होत नाही. ती वाऱ्यावर, मक्यावर आणि शेणामुतावर होते, आणि त्यासाठी जमीन कुणाच्या ताब्यात आहे हे आधी बघावं लागतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

फेल्डहाइम ब्रांडेनबुर्ग राज्यात, बर्लिनच्या नैऋत्येला, ट्रॉयनब्रिट्सन नगरपालिकेच्या हद्दीत येतं. फ्लेमिंगचा हा पठारी पट्टा रेताड आहे. पाणी धरत नाही, वारा मात्र भरपूर. जमीन हलकी म्हणून शेत मोठं लागतं, आणि इथलं शेत मोठं झालं ते कुणाच्या दूरदृष्टीमुळं नव्हे. १९४५ साली सोव्हिएत अमलाखालच्या भागात शंभर हेक्टरवरच्या जमीनदाऱ्या काढून घेऊन तुकड्यांनी वाटल्या गेल्या. १९५२ पासून तेच तुकडे सामूहिक शेती संस्थांत परत गोळा करायला सुरुवात झाली. जे बाहेर राहिले त्यांच्या दारात १९६० च्या वसंतात प्रचारकांची टोळकी जाऊन बसली, आणि काही महिन्यांत पूर्व जर्मनीत स्वतंत्र शेतकरी जवळजवळ उरला नाही. संस्थेत सामील व्हायची सही करण्यापेक्षा रातोरात पश्चिमेला निघून गेलेलेही पुष्कळ. कल्पना करा, सातबाऱ्यावर नाव तुमचंच, पण बांध मोडलेले आणि काय पेरायचं ते समिती ठरवणार.

१९९० च्या कायद्यानं जमीन परत मागायचा हक्क दिला आणि जुन्या संस्थांना १९९१ अखेरपर्यंत नवं रूप घ्या नाहीतर विसर्जित व्हा असं सांगितलं. पण तीस वर्षांत म्हातारे झालेले मालक कुठला ट्रॅक्टर घेऊन वेगळे होणार? पूर्वेकडं बहुतेकांनी जमीन नव्या संस्थेलाच खंडानं दिली. फेल्डहाइमची आजची कृषी सहकारी संस्था अशीच उभी राहिली. तिच्याकडं साधारण सतराशे हेक्टर आहे आणि त्याबरोबर जनावरंही.

आता हिशेब करा. २००८ च्या बायोगॅस प्रकल्पात पाचशे किलोवॉटचं इंजिन आहे. त्याला वर्षाला अंदाजे ८,७०० टन मक्याचा मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) आणि ८,६०० घनमीटर डुकरं-गुरांचं पातळ शेणमूत लागतं. टनामागं मुरघास दोनशे घनमीटरच्या आसपास गॅस देतो आणि पातळ शेण पंचवीस-तीस. म्हणजे खरा भार मक्यावर आहे. हेक्टरी पस्तीस ते पंचेचाळीस टन धरले तर दोनशे ते अडीचशे हेक्टर मका नुसता टाकीत जातो. सतराशे हेक्टरवाल्याला हे झेपतं. दोन-दोन एकरांच्या तीनशे खातेदारांना गोळा करून हे करायचं तर मका कुणी लावायचा, कधी कापायचा, भाव काय, यातच हंगाम निघून जाईल. टाकीला तर रोज ठरल्या वेळी तोच चारा हवा. खाद्य एकदम बदललं की आतलं आम्ल वाढतं, फेस येतो आणि गॅस बसतो. पेंढा जास्त झाला तर वर साय धरते, मक्याबरोबर वाळू आली तर ती तळाशी साचते. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढला नाही तर इंजिनाचं तेल खराब होतं. तो काढायला टाकीच्या वरच्या भागात मोजून थोडी हवा सोडतात. हे सांगायला लागलो की प्रश्न विचारणारे घड्याळाकडं बघतात.

आणि आता तारा. खरी गोष्ट इथं आहे.

पहिल्या पवनचक्क्या १९९५ ला उभ्या राहिल्या, पुढं त्या पन्नासच्या वर गेल्या. पण खिडकीतून पवनचक्की दिसते म्हणून बिल कमी होत नाही. ती वीज कायद्यानं ठरलेल्या दरानं देशाच्या मोठ्या वीजजाळ्यात जाते आणि गावकरी इतरांसारखीच, जाळ्याचं भाडं, कर, अधिभार धरून वीज विकत घेतात. थेट घ्यायची तर पवनचक्कीपासून घरापर्यंतची तार आपली हवी. गावातली तार जुन्या वितरण कंपनीची होती. तिच्याकडं विकत मागितली, भाड्यानं मागितली. दोन्हीला नकार.

इथं दहापैकी नऊ प्रकल्प संपतात. फेल्डहाइमनं काय केलं, तर असलेल्या तारेशेजारी दुसरी तार टाकली. बायोगॅसच्या इंजिनाची उष्णता घराघरांत न्यायची म्हणून गल्ल्या उकरायच्याच होत्या: तीनेक किलोमीटर, जाड आवरणाचे दोन-दोन नळ, एक गरम पाणी नेणारा आणि एक परत आणणारा. प्रत्येक घरात तेलाच्या बॉयलरच्या जागी छोटा उष्णता-विनिमयक (नळातल्या पाण्याची उष्णता घरच्या पाण्याला देणारं यंत्र) आला. कडाक्याच्या थंडीसाठी लाकडाच्या तुकड्यांवर चालणारी चारशे किलोवॉटची भट्टी आहे. उष्णतेच्या जाळ्याचा खर्च सतरा लाख युरोच्या घरात गेला आणि त्यातला निम्मा अनुदानातून आला. विजेच्या जाळ्याला साडेचार लाखांच्या आसपास लागले, त्याला अनुदान नाही. वीज आणि उष्णता दोन्ही घेणाऱ्या घरानं तीन हजार युरो भागभांडवल घातलं. घरं सदतीस. २०१० च्या ऑक्टोबरात ही दुसरी तार चालू झाली. २०२२ च्या ऊर्जासंकटात जर्मनीतल्या घरांना युनिट तीस सेंटच्या वर पडत असताना इथला दर बारा सेंटच्या आसपास होता.

सदतीस घरं एकाच रस्त्यावर आहेत आणि चक्क्या शिवारातच, म्हणून साडेचार लाखांत भागलं. वाड्यावस्त्या पसरलेल्या असत्या तर उष्णतेच्या नळांनीच कंबर मोडली असती. उन्हाळ्यात गरम पाणी फक्त अंघोळीपुरतं लागतं, नळातून होणारी उष्णतेची गळती मात्र जवळजवळ तेवढीच राहते. घरं लांब असली की घरात पोचण्यापेक्षा जास्त उष्णता मातीत जाते.

गावाला "स्वयंपूर्ण" म्हणतात, तेही जपून घ्यावं. गाव तयार होणाऱ्या विजेच्या एक टक्काही वापरत नाही, बाकी सगळी विकली जाते. २०१५ ला बसवलेली दहा मेगावॉटची बॅटरी गावाचे रात्रीचे दिवे लावायला बसवलेली नाही. जाळ्याची वारंवारता पन्नास हर्ट्झच्या वर-खाली झाली की तीस सेकंदांत वीज द्यायची किंवा शोषायची, आणि त्या तयारीचे पैसे घ्यायचे, असा तो धंदा आहे. चांगला धंदा आहे. पण वर्तमानपत्रात लिहितात तसा नाही.

पूर्वी मीही फेल्डहाइमला लोकसहभागाचा नमुना म्हणायचो. आज तसं म्हणताना अडखळतो. लोकांनी पैसे घातले, बैठकांना बसले, घराखालचा रस्ता खणू दिला, हे खरं. पण ज्या सलग शिवारावर हे उभं आहे ते जबरदस्तीनं सलग झालं होतं. त्याचा फायदा मोजायचा आणि १९६० चा वसंत विसरायचा, हे पटत नाही. आणि त्या वसंतामुळं आजचं सगळं कलंकित, हेही पटत नाही. १९९१ ला खंडानं द्यायचा निर्णय तरी त्यांचाच होता. किती मोकळेपणानं घेतलेला, यावर माझं मत दर वर्षी बदलतं.

बाकी गाव तुम्हाला वाटतं तसं स्वप्नातलं नाही. जुन्या खानावळीत आता माहिती केंद्र आहे, म्हणजे पाहुण्यांना बायोगॅसचा तक्ता मिळतो आणि गावकऱ्याला बियर प्यायला बाहेर जावं लागतं. सौर पटलं सूर्यामागं फिरवणाऱ्या चौकटी बनवणारा छोटा कारखाना गावात आला, हे मात्र मोलाचं. दहा हजारांना थोडी कमी अशी पटलं जुन्या सोव्हिएत लष्करी जागेवर बसवली आहेत, म्हणजे शेतजमीन वाचली.

खरा प्रश्न पुढं आहे, आणि तो कुणी विचारत नाही. जर्मन कायद्यानं ठरलेला दर वीस वर्षं मिळतो. २००८ ला सुरू झालेल्या बायोगॅसला तो २०२८ अखेरपर्यंत. त्यानंतर मका, डिझेल, इंजिनाची दुरुस्ती हे सगळं बाजारभावाच्या विजेवर भागत नाही. गॉटिंगनजवळच्या युंडे गावानं २००५ मध्ये याच वाटेनं जाऊन नाव कमावलं होतं. तिथल्या सहकारी संस्थेला पुढं प्रकल्प मोठ्या ऊर्जा कंपनीकडं सोपवावा लागला. एक मार्ग असा की इंजिन दुप्पट ताकदीचं घ्यायचं, गॅस साठवायचा आणि विजेचा भाव चढेल तेवढेच तास चालवायचं. पण इंजिन थांबलं की घरांची उष्णताही थांबते, म्हणून गरम पाण्याची मोठी टाकी बांधावी लागते, आणि तिला पुन्हा भांडवल. नाहीतर बायोगॅस गुंडाळून पवनचक्कीच्याच विजेवर पाणी तापवायचं. तसं केलं तर मक्याचे ते दोनशे-अडीचशे हेक्टर मोकळे होतील, आणि रेताड जमिनीत त्याजागी काय लावायचं हे संस्थेला ठरवावं लागेल.