लिहिलंय तसंच वागा: मोडल क्रियापदांचा एक तास

प्रौढ विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या वर्गात मोडल क्रियापदं (‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ अशी सक्ती, सल्ला, परवानगी दाखवणारी), पसंती आणि अटीची वाक्यं एकत्र घटवून घ्यायची होती. रिकाम्या जागा भरण्याचा सराव मी त्या दिवशी बाजूला ठेवला. त्यात योग्य शब्द ओळखता येतो, पण चुकीच्या शब्दाने काय बिघडतं ते दिसत नाही.

१६ जणांच्या ८ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला एक काल्पनिक जागा दिली: प्रयोगशाळा, वाचनालय, होस्टेलची खोली, गोदाम. जोडीतल्या एकाने १० मिनिटांत ८ नियम लिहायचे: दोन मनाईचे, दोन ‘गरज नाही’ असे, दोन अटीचे, दोन पसंतीचे. मग कागद जोडीदाराकडे. त्याला प्रसंगांच्या चिठ्ठ्या मिळतात आणि कागदावर जे लिहिलंय त्यावर बोट ठेवून तो फक्त तेवढंच करतो. लिहिणाऱ्याने तोंडी खुलासा करायचा नाही. या अटीवर मी अडून बसते, कारण तोंडी सारवासारव सुरू झाली की चूक कागदावर तशीच राहते.

प्रयोगशाळेच्या कागदावर ओळ होती: ‘यू डोन्ट हॅव टू ओपन द डोअर व्हाइल द मशीन इज रनिंग.’ चिठ्ठीत होतं: मशीन चालू आहे, तुमची वही आत राहिली आहे. जोडीदाराने ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, “दार उघडतो.” लिहिणारे उभेच राहिले. “अहो, उघडायचं नाही असंच लिहिलंय मी!” जोडीदार शांतपणे म्हणाला, “उघडायची सक्ती नाही, एवढंच लिहिलंय तुम्ही.” सगळा वर्ग त्या कागदाभोवती जमला.

ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ एकाच अर्थाने चालतात, म्हणून नकारातही चालतील असं वाटतं. पण ‘मस्टन्ट’मधला नकार कृतीला लागतो (करू नका) आणि ‘डोन्ट हॅव टू’मधला सक्तीला (करायची गरज नाही). त्यात आपलं ‘जायला नको’ दोन्हीकडे चालतं. ‘एवढ्या रात्री बाहेर जायला नको’ ही मनाई, तर ‘फोनवर काम झालं, आता जायला नको’ म्हणजे गरज उरली नाही. मराठीत संदर्भ निभावून नेतो, इंग्रजीत क्रियापदच निवडावं लागतं. यावर माझी कसोटी सोपी आहे. वाक्यामागे ‘बट यू कॅन इफ यू वॉन्ट’ जोडून पाहा. जुळलं तर ‘डोन्ट हॅव टू’, खटकलं तर ‘मस्टन्ट’. त्या गृहस्थांनी शेपूट जोडून मोठ्याने वाचलं आणि स्वतःच ओळ खोडली.

वाचनालयाच्या कागदावर ‘अनलेस’ अडला: ‘यू कान्ट बॉरो अ बुक अनलेस यू डोन्ट शो युअर कार्ड.’ जोडीदाराने कार्ड दाखवलं आणि नियमाप्रमाणे त्यालाच पुस्तक नाकारावं लागलं. ‘जोपर्यंत दाखवत नाही तोपर्यंत’ यातला ‘नाही’ सरळ इंग्रजीत उतरतो, पण ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच असतो. उपाय असा: आधी ‘इफ यू डोन्ट शो’ लिहायचं, मग ‘इफ’ आणि ‘डोन्ट’ दोन्ही खोडून त्यांच्या जागी एकटा ‘अनलेस’ ठेवायचा. निदान पहिले काही दिवस हे खोडणं हातानेच करावं. मनातल्या मनात केलं की ‘डोन्ट’ हमखास मागे राहतो.

गोदामात ‘इन केस’ आला. ‘टेक अ टॉर्च इफ द लाइट्स गो आउट’ म्हणजे दिवे गेले की टॉर्च घ्या. ‘इन केस द लाइट्स गो आउट’ म्हणजे आत्ताच घेऊन ठेवा, न जाणो दिवे जातील. आधी काय, कृती की घटना, एवढं विचारलं की निवड होते. सूचनाफलकावरचं ‘इन केस ऑफ फायर’ मात्र वेगळं. तिथे अर्थ ‘आग लागल्यास’ असाच.

पसंतीच्या वाक्यांत रचनेच्या चुका ठरलेल्या असतात. ‘वुड रादर’नंतर ‘टू’ नाही आणि तुलनेला ‘दॅन’. ‘प्रिफर टी’ला पुढे ‘टू कॉफी’, ‘दॅन’ नाही. दुसऱ्याने काय करावं हे सांगताना क्रियापद भूतकाळी होतं: ‘आय वुड रादर यू केम टुमॉरो.’ हे विचित्र वाटतं, पण ‘तुम्ही उद्या आलात तर बरं’ यात आपणही तेच करतो. एवढं दाखवल्यावर ते फार घोकावं लागलं नाही.

खरी अडचण ‘हॅड बेटर’ची. ‘टेबल पुसलंत तर बरं’ अशा नम्र अर्थाने एकीने खोलीच्या नियमांत ‘यू हॅड बेटर क्लीन द टेबल’ लिहिलं होतं. जोडीदारीण वाचून म्हणाली, “नाहीतर काय कराल?” तिने बरोबर ऐकलं होतं. या रचनेत न बोललेलं ‘नाहीतर’ दडलेलं असतं. साधा सल्ला असेल तर ‘शुड’ पुरतं आणि विनंतीला ‘आय वुड प्रिफर इट इफ यू क्लीन्ड द टेबल’ शोभतं.

दुसऱ्या फेरीत कागद दुरुस्त करून वेगळ्या जोडीला दिले. मूळ जोडीदाराला लिहिणाऱ्याचा हेतू आता माहीत असतो, त्यामुळे त्याच्याकडून खरी परीक्षा होत नाही. या फेरीत प्रयोगशाळेच्या कागदावर ‘यू मे एंटर प्रोव्हायडेड दॅट द रेड लाइट इज ऑफ’ (लाल दिवा बंद असेल तरच आत या) अशी नवी ओळ आली होती. एका कागदावर ‘इफ द लाइट विल बी ऑफ’ राहिलं होतं. अटीच्या भागात ‘विल’ का येत नाही, यासाठी मी पुढचा तास राखून ठेवला.