उंची उधळायची कशी?

लहान विमान उतरवताना धावपट्टी फार खोल, पायाखाली आल्यासारखी दिसू लागली, की शिकाऊ वैमानिक हमखास विमानाचं नाक खाली दाबतो. आपण वर आहोत ना, मग खाली चला! पण विमान हिशेबाला पक्कं. घेतलेल्या उंचीच्या बदल्यात ते वेग पदरात टाकतं. सेसना १७२ पासष्टऐवजी पंच्याऐंशी नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) धावपट्टीवर आलं, तर टेकायचं नाव घेत नाही. हातभर उंचीवर तरंगत राहतं आणि खालची धावपट्टी सरत जाते.

म्हणून नाक नव्हे, आधी इंजिन मंद करायचं आणि मग फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या हवा अडवणाऱ्या झडपा, खाली सोडायचे. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर स्लिप. माझी सगळ्यात आवडती गोष्ट. एक पंख झुकवायचा आणि रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, पायाने उलट्या बाजूला दाबायचं. निसरड्या उतारावर आपण पाय आडवे टाकत उतरतो ना, तसं विमान कुशीवर वारा झेलत उतरतं. उंची भराभर जाते, वेग वाढत नाही. पहिल्या दिवसापासून ‘बॉल मध्ये ठेव’ (विमान तिरकं सरकतंय का, हे दाखवणारी समोरच्या यंत्रातली गोळी) म्हणून कानीकपाळी ओरडणारे इन्स्ट्रक्टरच आता मुद्दाम वाकडं उडवायला सांगतात! (काही सेसनांत फ्लॅप सोडलेले असताना स्लिप टाळा, अशी पाटी असते. ती आधी वाचावी.)

ही करामत फक्त लहान विमानांची, असं वाटत असेल तर २३ जुलै १९८३ चा दिवस आठवावा. किलो आणि पौंडांच्या घोळात इंधन कमी भरलेलं एअर कॅनडाचं बोइंग ७६७, दोन्ही इंजिनं बंद पडलेली, समोर कॅनडातल्या गिमली गावची हवाई दलाची जुनी धावपट्टी. विमान फार वर होतं आणि फ्लॅपही चालत नव्हते. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवायची सवय. त्यांनी एवढं थोरलं प्रवासी विमान सरळ स्लिपमध्ये घातलं. धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीसाठी माणसं जमली होती. पुढचं चाक नीट न अडकल्याने विमान नाक घासत थांबलं. आतले ६९ जण वाचले.

पिअर्सनना दुसरी संधी नव्हती. इंजिन चालू असलेल्या आपल्याला ती असते: थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पुढे आणि आणखी एक फेरी. क्लबचं तासाचं भाडं आठवून हात जरा अडखळतो, ते वेगळं.