तुम्ही विचारलंत म्हणून: म्हाताऱ्या खेळाडूंच्या डिनरला पाहुणा कोण?

मी अटलांटात पन्नाशीपुढच्या लोकांच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळतो हे कळलं की आपली मराठी मंडळी आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, की सीझन संपल्यावर तुमचं जे डिनर असतं त्यात भाषणाला एखादा रिटायर्ड बेसबॉल स्टार आणायचा झाला तर कोणाला आणाल? माझं उत्तर ठरलेलं आहे, डेल मर्फी. आणि पुढचा प्रश्नही ठरलेला, हा कोण? मग घ्या ऐकून.

अटलांटा ब्रेव्हजचा हा माणूस, १९८२ आणि १९८३ असा लागोपाठ दोन वर्षं नॅशनल लीगचा (अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच्या मॅचेस टीबीएस चॅनलवर देशभर दिसायच्या, त्यामुळे टीम भिकार असली तरी हा घराघरात पोचलेला. पण एमव्हीपी ढिगाने सापडतील. मला हा हवाय तो दुसऱ्याच गोष्टींसाठी.

मुळात तो कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरच्या जागेवरचा, आणि सुरुवातीलाच त्याचा थ्रो बिघडला. सेकंड बेसला फेकलेला बॉल जायचा पार सेंटरफील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, डोक्यातच काहीतरी अडकलेलं. दुसरा असता तर संपलाच असता. याला आधी फर्स्ट बेसला उभा केला, मग १९८० मध्ये आउटफील्डला, म्हणजे लांब मागे, पाठवला आणि तिथे गड्याने १९८२ ते ८६ अशी सलग पाच गोल्ड ग्लोव्ह घेतली, म्हणजे फील्डिंगचं बक्षीस बरं का! आमच्या लीगमधल्या, खांदा गेल्यामुळे शॉर्टस्टॉपची (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली) जागा सोडून दुसरीकडे उभं राहावं लागलेल्या लोकांना हे ऐकवायला नको का?

आणि मग उतरण. १९८७ ला ४४ होमरन (आपल्या सिक्सरसारखे), करिअरमधले सगळ्यात जास्त, वय ३१, आणि पुढच्याच वर्षी बॅटिंग अ‍ॅव्हरेज धाडकन .२२६ वर, म्हणजे हजारात फक्त २२६ वेळा हिट, ब्रेव्हज त्या वर्षी १०६ मॅच हरले. ८९ ला पण तेच रडगाणं, .२२८. तरी त्याच ८९ च्या जुलैत त्याने एकाच इनिंगमध्ये दोन होमरन मारले, दोन्ही तीन-तीन रनांचे. मला एमव्हीपीपेक्षा ही इनिंग जास्त आवडते, कारण आमचं सगळ्यांचं हेच चाललेलं असतं, महिनाभर काही लागत नाही आणि एखाद्या शनिवारी अचानक दोन बसतात.

नशीब तर विचारूच नका. १९९० ला त्याला फिलाडेल्फियाला पाठवला आणि ९१ ला ब्रेव्हज थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या फायनलमध्ये. ९३ च्या सीझनच्या तोंडावर फिलाडेल्फियाने सोडला, तर त्या वर्षी तेही वर्ल्ड सिरीजमध्ये! हा तेव्हा नवीन निघालेल्या कोलोरॅडो रॉकीजकडे, आणि ९३ च्या मेमध्येच रिटायर. होमरन ३९८. चारशेला दोन कमी, आणि गेला. हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, मतदानात पंधरा वर्षं नाव होतं, लागतात ७५ टक्के, शेवटच्या खेपेला २०१३ मध्ये मिळाले १८.६.

आता डिनरच्या कमिटीतल्या लोकांचं म्हणणं, पाहुणा हॉल ऑफ फेमवालाच पाहिजे, तिकिटं खपतात. खपत असतीलही. पण तो येऊन सांगणार काय, तर मी कसा जिंकलो. अरे, समोर गुडघे बदललेली माणसं बसलीयेत, ज्यांच्या खेळात होम प्लेटवर (जिथे पोचलं की रन होतो) धडका होऊ नयेत म्हणून रनरला वेगळी प्लेट ठेवावी लागते, त्यांना जिंकण्याचं काय सांगता? हात बिघडल्यावर जागा कशी बदलली आणि ३९८ वर बॅट ठेवताना काय वाटलं, हे सांगणारा आणा.

मर्फी राहतो युटात, लांब आहे, मान्य. मानधनाचं काय ते कमिटीने बघावं. माझी अट एकच, भाषण जेवणाआधी ठेवा, कारण डेझर्ट आलं की आमचं अर्धं टेबल पेंगायला लागतं आणि उरलेलं अर्धं बीपीच्या गोळ्या शोधत असतं.