बोल्टाच्या किलोमागे तीन रुपये

रबाळे एमआयडीसीतल्या बोल्टच्या कारखान्यात मला, त्यांचा माल युरोपला पाठवणाऱ्या निर्यातदाराने पाठवलं. माझी फी मालकांनी द्यायची, हे मालकांना माझ्या कोटेशनवरून कळलं. तरी आधी चहा आला.

मी ऊर्जा ऑडिट करते. पूर्वी वीजबिल कमी व्हावं म्हणून बोलावणं यायचं, हल्ली युरोपच्या कार्बन कराचं काम जास्त. ऑक्टोबर 2023पासून नुसती माहिती द्यावी लागायची. 1 जानेवारी 2026पासून तिथल्या आयातदारावर पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालामागच्या कार्बनचे पैसे लागू झाले. बोल्ट-स्क्रूही त्या यादीत आहेत. कर आयातदाराने भरायचा, हे कागदावर. तो निर्यातदाराला ईमेल करतो आणि निर्यातदार कार्बनचा हिशेब भरायची एक्सेल शीट रबाळ्याला पाठवून वर लिहितो, ‘अर्जंट’.

काही सल्लागार ही शीट ऑफिसात बसून भरतात. कोळसा जाळणारी भट्टी दाखवलेली शीट मी पाहिली आहे. त्या कारखान्यात कोळशाचा खडाही नव्हता. म्हणून मी भट्टीपाशीच उभी राहते. गॅस मीटरचं रीडिंग शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी, मधे चिमणीत ॲनालायझरची नळी. ऑक्सिजन नऊ टक्के दाखवत होता. म्हणजे बर्नरला गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा, आणि ती तापून फुकट चिमणीतून बाहेर. हवेचा डँपर हळूहळू बंद करवला, चारवर आला. भट्टीवाले दादा म्हणाले, “एवढंच होतं होय!”

जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद असताना कॉम्प्रेसरजवळ स्टॉपवॉच घेऊन बसले. कुणीही हवा वापरत नसताना तो एक तृतीयांश वेळ लोडवर, म्हणजे हवा भरत होता. तेवढी हवा गळतीतच. साबणाचं पाणी लावत गेले, तर हेडिंग मशीनच्या मागच्या जवळजवळ प्रत्येक जोडाला फुगे. हे शोधून काढायला मला अजूनही आवडतं.

गंमत अशी की शीटला त्याचं काही नाही. पोलादाच्या मालावर करासाठी थेट उत्सर्जनच, म्हणजे भट्ट्यांतून निघणारा धूरच धरतात, वीज धरत नाहीत. आणि भट्टीचा गॅस? घनमीटरमागे जवळपास दोन किलो कार्बन डायऑक्साइड. बोल्टाच्या टनाला दोनशे किलोच्या आत. उरलेला सगळा भार वायर रॉडमधून, म्हणजे बोल्टाच्या कच्च्या मालातून येतो. केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या 2024च्या अहवालाप्रमाणे आपल्याकडे टनभर कच्च्या पोलादामागे सरासरी 2.54 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगात 1.9च्या आसपास. मालक रॉड घेतात कळंबोलीच्या बाजारातून, व्यापाऱ्याकडून. त्याचं टेस्ट सर्टिफिकेट मिळतं, त्यावर पोलादातला कार्बन किती टक्के ते असतं. रॉड बनवणाऱ्या पोलाद गिरणीच्या धुराबद्दल चकार शब्द नाही. गिरणीला फोन केला, तर “एवढ्याशा मालासाठी?” आकडा नाही मिळाला की युरोपचा ठोक आकडा लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो.

दुपारी निर्यातदाराचा खरेदीवाला आला. चांगला शिकलेला मुलगा, पण बोलणं सगळं पाठ केलेलं. “सर, कराचा बोजा आपण वाटून घेऊ. तुमच्या दरात किलोमागे तीन रुपये कमी करा.”

मालकांनी विचारलं, “तुमच्या दरात किती कमी?”

तो म्हणाला, ते मॅनेजमेंट ठरवेल.

“आणि गिरणी? आणि तो जर्मनीवाला आयातदार? फर्नेस ऑइल सोडून गॅसवर आलो, तो बर्नर मी कर्ज काढून घेतला. तो हिशेब कोणत्या खान्यात लिहू, मॅडम?”

शीटमध्ये तसा खाना नाही, असं मी सांगितलं. श्रीमंत देशांनी जास्त भार उचलायचा, हे 1992च्या हवामान करारात लिहिलेलं आहे, ते मात्र बोलले नाही. युरोपने हवा तापवली तेवढी आपणही तापवू, या वादातही मला पडायचं नव्हतं. गळणारी हवा त्यांचीच आहे आणि बिलही त्यांचंच. पण बोल्टामागच्या एकूण कार्बनच्या ज्या सात-आठ टक्क्यांवर मालकांचा हात पोचतो, तेवढ्यासाठी पूर्ण तीन रुपये? तो किलोमागचा नफाच असावा, मालकांच्या चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं.

दोन्ही आकडे मी शीटमध्ये वेगळे दाखवले, रॉडचा एका ओळीत आणि भट्टीचा दुसऱ्या. खरेदीवाला म्हणाला, एकच एकूण आकडा चालला असता. चालला असता, त्याला.

कॉम्प्रेसरचे जोड मालकांनी त्याच आठवड्यात बदलले. तीन रुपयांवर सही केलेली नाही, पण पुढची ऑर्डरही आलेली नाही. माझं बिल तसंच पडून आहे. खरेदीवाला म्हणतो, कारखान्याच्या नावाने काढा. मालक म्हणतात, अर्धं माझ्या, अर्धं त्यांच्या. आमच्या अकाउंटंटला एकच जीएसटी नंबर हवा आहे आणि तो रोज विचारतो.