पंचवीस सेंटची किळस

लहान मुलांना घाण आवडते हे कोणत्याही आईला सांगावं लागत नाही. नाकातलं बोट ओढून बाहेर काढलं की दोन मिनिटांत ते पुन्हा जागेवर. मोठ्यांनी ‘शी!’ म्हटलं की अर्धी मजा तिथेच वसूल होते, उरलेली अर्धी ते बोट भावंडाच्या सदऱ्याला पुसण्यात. भरतमुनींनी बीभत्साला रसांच्या पंगतीत बसवलं आणि जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव ठरवला. हा भाव बाजारात किती दिवस स्थायी राहतो, याचा हिशेब ब्रुकलिनच्या टॉप्स या बबलगम कंपनीने १९८५ ते १९८८ या काळात मांडून ठेवला आहे. माल म्हणजे बबलगमबरोबर मिळणारी स्टिकर-कार्डं, नाव गार्बेज पेल किड्स. म्हणजे कचऱ्याच्या डब्यातली पोरं.

ही पोरं समजून घ्यायची तर आधी ज्यांची ती टिंगल करतात ती कोबीच्या मळ्यातली पोरं, म्हणजे कॅबेज पॅच किड्स या बाहुल्या, बघाव्या लागतात. बाळं कोबीच्या मळ्यात सापडतात, अशी अमेरिकेत मुलांना मारायची जुनी थाप आहे. जॉर्जियातल्या झेवियर रॉबर्ट्सने तिच्यावर बाहुल्यांचा धंदा उभा केला. बाहुली विकत घ्यायची नाही, दत्तक घ्यायची. सोबत कागदपत्रं, आणि बाहुलीच्या ढुंगणावर रॉबर्ट्सची सही! कोलेको कंपनीने हा माल कारखान्यात काढला आणि १९८३ च्या नाताळात दुकानांत आईबाप एकमेकांच्या अंगावर धावून गेले. फुगीर गाल, लोकरीचे केस, आखूड हात. गोडवा इतका की जीभ चिकटावी. (मूळ कल्पना केंटकीतल्या मार्था नेल्सन थॉमस यांची होती, त्यांनी दावा लावला आणि १९८५ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. मळा कोणाचा आणि कोबी कोणाचा हा वाद कचऱ्याच्या डब्याआधीचाच.)

टॉप्सच्या हाताशी ‘वॅकी पॅकेजेस’चा अनुभव होता. रोजच्या वापरातल्या साबण-बिस्किटांच्या वेष्टनांची टिंगल करणारे हे स्टिकर १९७३ च्या सुमाराला धडाक्याने खपले होते. तशाच तिरकस डोक्यांनी आता बाहुलीकडे मोर्चा वळवला. त्यात आर्ट स्पीगलमन होते, ज्यांना पुढे १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं, आणि मार्क न्यूगार्डनही. पहिल्या मालिकेतली सगळी चित्रं जॉन पाउंड या एकाच चित्रकाराने रंगवली, आणि किमयेचा मोठा वाटा त्याचा आहे. चित्र ओबडधोबड असतं तर मुलांनी फेकून दिलं असतं. पाउंडने ओकारीसुद्धा जीव लावून रंगवली. गाल तसेच गुबगुबीत, त्यावर उजेडाचा तोच मऊ ठिपका, आणि नाकातून मात्र नको ते. आठव्या क्रमांकाचं कार्ड जवळून बघा. नीटनेटका, हसरा मुलगा बसलाय, बोट लाल बटणावर, आणि कवटी फुटून वर अणुस्फोटाचं छत्र उगवलंय. नाव अ‍ॅडम बॉम्ब.

नावं हा या धंद्याचा खरा मसाला. चारचौघांतलं नाव घ्यायचं, त्याला खोड जोडायची, यमक जुळवायचं: डेड टेड, अप चक, फ्रायिन ब्रायन. आपल्याकडे ‘बंडू शेंबडू’ करणाऱ्या पोरांना हे शास्त्र शिकवावं लागत नाही. पण टॉप्सने त्यात व्यापार घातला. चित्र एकच, नावं दोन. ८अ म्हणजे अ‍ॅडम बॉम्ब, ८ब म्हणजे ब्लास्टेड बिली; चित्रात काडीचा फरक नाही. चित्रकाराला पैसे ४१ चित्रांचे, मालिका मात्र ८२ कार्डांची. शिवाय वर्गात एखादा टेड किंवा ब्रायन सापडण्याची शक्यता दुप्पट. आपलं नाव असलेलं कार्ड दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून ते विकत घेणाऱ्या मुलाची अगतिकता कुठल्याही जाहिरातीपेक्षा भारी पडते.

मेणकागदाच्या पाकिटात पाच कार्डं आणि बबलगमची एक पट्टी, किंमत २५ सेंट. दुकानदाराकडच्या खोक्यात ४८ पाकिटं. आता जरा गणित. सगळी कार्डं सारख्याच संख्येने छापली आहेत असं धरलं, तर अख्खा खोका फोडून हातात २४० कार्डं येतात, पण त्यांत वेगवेगळी सरासरीने ७८ निघतात. बारा डॉलर गेले आणि चार कार्डं अजून नाहीतच. पूर्ण ८२ जमवायला सरासरी ४१० च्या आसपास कार्डं, म्हणजे ८२ पाकिटं, साडेवीस डॉलर. त्यातलं शेवटचं एकटं कार्ड सोळा-सतरा पाकिटं खातं. म्हणूनच डबल आलेल्या कार्डांची अदलाबदल हा खेळाचा गाभा, आणि तो बाजार भरायचा शाळेत. गणिताच्या तासाला गणितच चालू असायचं, फक्त बाकाखाली. बऱ्याच शाळांनी या कार्डांवर बंदी घातली. याहून चांगली जाहिरात कंपनीला पैसे मोजूनही मिळाली नसती.

कार्ड अडीच इंच बाय साडेतीन इंच. पुढे स्टिकरचा कागद, मागे पुठ्ठा. आकृतीभोवती साच्याने चीर पाडलेली, त्यामुळे सोलल्यावर पोरगं निघून येतं आणि चौकट मागे राहते. इथे मुलाची कोंडी होते. सोलून बाकावर चिकटवलं तर रुबाब, पण संग्रहातून ते गेलं. काही कार्डांच्या पाठीवर मालिकेची यादी असे, आणि मुलं इमानदारीने पेनने त्यावर खुणा करत. त्या खुणांनीच आज त्या कार्डांचा भाव पडतो. इमानदारीला इतकी रोख शिक्षा क्वचितच होते.

बाहुलीवाल्यांनी दावा लावलाच. १९८६ च्या ऑगस्टमध्ये अटलांटाच्या संघीय न्यायालयाने टॉप्सविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. ‘हे तर विडंबन आहे’ हा बचाव टिकला नाही. न्यायालयाला त्यात टीकेपेक्षा धंदा जास्त दिसला. १९८७ मध्ये तडजोड झाली. बोधचिन्ह बदलायचं आणि पोरांचा चेहरामोहरा बाहुल्यांसारखा ठेवायचा नाही. वाचायला किरकोळ अट, पण विनोदाचा कणाच काढून घेतला. गोड बाहुलीच्या नाकातून शेंबूड वाहतो म्हणून हसू येत होतं. बाहुली ओळखू येईनाशी झाली की खाली उरतो नुसता शेंबूड.

त्याच वर्षी चित्रपट आला आणि सपशेल आपटला. रबरी मुखवटे घातलेली माणसं चित्रातल्या पोरांसारखी दिसत नव्हती, भलत्याच अर्थाने भीतिदायक दिसत होती. दूरचित्रवाणीसाठी कार्टून मालिका तयार झाली, पण अमेरिकेत ती त्या वेळी दाखवलीच गेली नाही. पण सगळा दोष कोर्टाच्या आणि सिनेमाच्या माथी मारू नये. तोवर पोरांनी शेकडो चित्रं पाहिली होती. नाक झालं, कान झाले, पोट झालं, संडास झाला. माणसाच्या शरीराला भोकं मोजकीच असतात, आणि दर मालिकेला चाळीसच्या आसपास नवी चित्रं लागतात.

किळस मुळात नाशवंत. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने १९७६ मध्ये छोट्याशा प्लास्टिकच्या कचरापेटीत भरून हिरवा ‘स्लाइम’ विकला होता, त्याचंही असंच होई. तो लिबलिबीत माल ग्वार गमचा, म्हणजे गवारीच्या बियांच्या डिंकाचा. जगात सर्वांत जास्त गवार पिकते आपल्याकडे, त्यातही राजस्थानात. आपण शेंगांची भाजी करतो, त्यांनी बियांचा शेंबूड केला. घरी करायचा तर २०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम ग्वार गम ढवळत ढवळत भुरभुरायचा. एकदम ओतला तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या फुटता फुटत नाहीत. पाणी दाट झालं की टाकणखाराचं द्रावण, १०० मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम या प्रमाणाचं, अंदाजे १० मिलिलिटर थोडं थोडं घालायचं. डिंकाचे लांब धागे टाकणखार एकमेकांना बांधतो आणि पाणी त्या जाळ्यात अडकतं. टाकणखार जास्त झाला तर गोळा ताठरतो, तुटतो, पाणी सोडतो. कमी पडला तर हाताला चिकटत राहतो. तोंडात घालायचा नाही, हात धुवायचे, केसांपासून लांब ठेवायचा. आणि झाकण उघडं राहिलं की वाळून पापुद्रा. किळस येते ती ओलेपणाने. वाळलेल्या स्लाइमला कोणी ‘ईऽऽ’ म्हणत नाही, केरसुणीने लोटून देतात.

टॉप्सचा पापुद्रा व्हायला पंधरा मालिका लागल्या. पंधरावी १९८८ मध्ये आली. सोळावीची तयारी सुरू होती, ती बाजारात आलीच नाही. गोड बाजूचंही काही भलं झालं नाही. कोलेकोने त्याच वर्षी दिवाळं काढलं. ज्याची टिंगल करायची तो आणि टिंगल करणारा, दोघे एकाच साली आडवे.

२००३ मध्ये टॉप्सने नवी मालिका काढली आणि तेव्हापासून ही पोरं येत-जात असतात. पण जुन्या मालाचे गिऱ्हाईक आता पन्नाशीकडे झुकलेले, चष्मा लावून कडा तपासणारे. चित्राच्या चारही बाजूंची पांढरी पट्टी सारखी आहे का, कोपरे बोथट झालेत का, चीर आकृतीत तर घुसली नाही ना. पाकीट उष्णतेने चिकटवत, त्यामुळे वेष्टनाचं मेण वितळून लगतच्या कार्डावर डाग पडतो. गुळगुळीत बाजूवरचा डाग नायलॉनच्या जुन्या मोज्याने हलक्या हाताने घासला तर पुष्कळदा निघतो. कच्च्या पुठ्ठ्यात मुरलेला निघत नाही. कार्डं पीव्हीसीच्या पाकिटात ठेवायची नाहीत, ते काळाने चिकट होतं, पॉलिप्रॉपिलीनचं घ्यायचं. गमच्या पट्टीला टेकून असलेल्या कार्डाचं मात्र काही करता येत नाही. गमचा तपकिरी डाग कायमचा.

म्हणून बंद पाकीट विकत घेणारे ते सहसा फोडत नाहीत. आत पाच कार्डं, बहुधा एखादं ओकणारं, एखादं कुजलेलं, सगळी आता जुन्या ओळखीची. त्यांच्या शेजारी चाळीस वर्षांची गमची पट्टी, खडूसारखी ठिसूळ. तिच्याकडे बघून मात्र अजूनही ‘ईऽऽ’ निघतं.