विशेष शिक्षिकेच्या गौरवाचा प्रस्ताव आम्ही कसा केला

राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराचा अर्ज शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन भरायचा असतो आणि कंत्राटी शिक्षक त्याला पात्र नसतात. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीला ज्यांचा गौरव करायचा होता, त्या समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत इतरांबरोबर शिकता यावे म्हणून काम करणाऱ्या, विशेष शिक्षिका त्या वेळी कंत्राटावरच होत्या. म्हणून ती वाट सोडली. समितीचा ठराव, मग ग्रामसभेत अभिनंदन आणि शेवटी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे शिफारस, असा क्रम धरला.

विषय आधीच विषयपत्रिकेवर घ्यावा. ऐनवेळच्या विषयांत घेतला की पुढे कोणीतरी हरकत काढतोच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे सूचक आणि अनुमोदक दोघेही पालकच ठेवले. ठराव मुख्याध्यापकांच्या तोंडून आला की तो कार्यालयीन वाटतो.

खरी मेहनत लागली ती कामाच्या नोंदीला. पहिला मसुदा 'समन्वय साधला', 'मोलाचे मार्गदर्शन केले' अशा वाक्यांनी भरला होता. ही वाक्ये कोणाबद्दलही लिहिता येतात. ती खोडून प्रत्येक मुलामागे एक ओळ केली: अडचण काय होती, कोणाकडे पाठवले, सोबत कोण गेले, किती फेऱ्या झाल्या, काय मिळाले, आणि ते आज वापरात आहे का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक प्रस्तावांत नसतो.

श्रवणयंत्राचेच पाहा. शिबिरात यंत्र मिळाले की सरकारी नोंद पूर्ण होते. पण कानात बसणारा साचा मुलाच्या कानाच्या मापाने केलेला असतो. मूल वाढते, साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागते. कधी साचा टोचतो आणि मूल यंत्र काढून दप्तरात ठेवते. सेल संपले तर घरी कोणाच्या लक्षात येत नाही. बाईंच्या वहीत साच्याचे माप पुन्हा घेतल्याची आणि सेल बदलल्याची तारीखवार नोंद होती. ते पान आम्ही प्रस्तावाला सर्वांत वर जोडले.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या नोंदींतही असेच झाले. बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते, पण काम अडते ते त्याच्या आधीच. आधारवरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरातले नाव जुळत नाही, किंवा तपासणीच्या दिवशी आईची मजुरी बुडते म्हणून ती येत नाही. नाव दुरुस्त करून घेणे, आईला आदल्या दिवशी निरोप देणे, रांगेत तिच्याबरोबर उभे राहणे या गोष्टी कुठल्याच नमुन्यात मावत नाहीत. आम्ही 'फेऱ्या' या रकान्यात त्या नीट लिहिल्या. एका मुलासाठी पाच फेऱ्या झाल्या असतील तर पाचही लिहाव्यात, फुकट गेलेल्यासुद्धा.

मुलांची नावे मात्र प्रस्तावात घालू नयेत. अनाथ किंवा बालकल्याण समितीपुढे गेलेल्या मुलांची ओळख उघड करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे, आणि दिव्यांग मुलाचा फोटो लावून कोणाचाही गौरव करणे आम्हाला पटत नाही. नावाऐवजी 'विद्यार्थी 1', 'विद्यार्थी 2' असे लिहिले. खऱ्या नावांची यादी मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात राहिली. लहान गावात आजार आणि इयत्ता एकत्र लिहिली तरी मूल ओळखू येते, म्हणून इयत्ताही काढली.

पत्रे शाळेबाहेरच्या माणसांची घ्यावीत. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत तपासणीला येते. त्यातल्या डॉक्टरांचे आणि गावातल्या आशा सेविकेचे चार ओळींचे पत्र दहा सहकाऱ्यांच्या सह्यांपेक्षा जड ठरते, कारण पाठवलेले मूल खरोखर पोहोचले की नाही, हे त्यांनाच ठाऊक असते.

कार्यालयात प्रस्ताव देताना पोच घेतली नाही, ही आमची चूक. महिन्याने विचारले तर कागद सापडेना. दुसऱ्यांदा दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला, आणि प्रत्येक पानाला क्रमांक दिला.

ग्रामसभेत शाल-श्रीफळ झालेच. त्याबरोबर ठरावाची शिक्क्याची प्रत बाईंच्या हातात दिली, कारण पुढे कुठेही अर्ज करताना ती जोडता येते. रुग्णालयाच्या फेऱ्यांचा प्रवासखर्च त्या आजवर पदरचा करत होत्या. तो लोकवर्गणीतून द्यायचा, असा वेगळा ठराव त्याच सभेत मांडला आणि वर्गणी गोळा करायला दोन पालकांची नावे इतिवृत्तात लिहून घेतली.