दिवसाला चार मिनिटे: बर्लिनमधील माझी पहिली पानगळ

२०२३ च्या अनंत चतुर्दशीला साताऱ्यातील आमच्या घरच्या गणपतीचे विसर्जन झाले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, मी पदव्युत्तर शिक्षणासाठी बर्लिनमध्ये उतरले. शरद ऋतू म्हटला की तोपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर कासच्या पठारावरची सरत आलेली फुले, कापणीला आलेला भात आणि घामाघूम करणारे ऑक्टोबरचे ऊन एवढेच येत असे. पानगळ आमच्याकडे शिशिरात सुरू होते आणि सावर व पळस फुलू लागतात तोवर चालते, त्यामुळे आश्विनात पाने गळतात ही गोष्ट मला पुस्तकांतून ठाऊक असली तरी अंगवळणी पडलेली नव्हती. या शहरातला शरद मनापासून अनुभवायचा, असे मी निघतानाच ठरवले होते. ते साधायला मात्र मला जवळजवळ एक महिना लागला.

पहिले दोन आठवडे कागदपत्रांत गेले. जर्मनीत नव्या घरात राहायला आल्यावर १४ दिवसांच्या आत पत्त्याची अधिकृत नोंदणी करावी लागते. तिला ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला व कार्यालयातील भेटीची वेळ अशा दोन्ही गोष्टी हाताशी असाव्या लागतात. दाखला मला लगेच मिळाला, परंतु वेळ मिळत नव्हती, म्हणून मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लॅपटॉपसमोर बसून ते एकच पान पुन्हा पुन्हा उघडत राहिले. बाहेर त्या दिवसांत विलक्षण सुंदर हवा होती. जर्मनीतील नोंदींनुसार तो आजवरचा सर्वांत उबदार सप्टेंबर ठरला होता आणि ती ऊब ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही रेंगाळली होती. लोक नदीकाठी अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत बसलेले दिसत होते. कामे आटोपली की निवांतपणे फिरू, असे मी स्वतःला सांगत होते. नोंदणी झाली त्याच सुमारास हवा पालटली आणि एका रात्रीत थंडी पडली. ते सोनेरी दिवस खिडकीच्या काचेआडून पाहण्यात गेले, याची हळहळ मला आजही वाटते.

माझे डोळे उघडले ते सूर्यास्तामुळे. मी आले त्या दिवशी सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळला होता आणि दोन आठवड्यांनी तो सव्वासहालाच मावळू लागला. सकाळही तितकीच उशिरा होत होती. हिशेब केला तेव्हा लक्षात आले की या काळात बर्लिनमधील दिवस रोज जवळजवळ चार मिनिटांनी लहान होतो, तर साताऱ्यात हाच फरक जेमतेम एक मिनिटाचा असतो. बर्लिन ५२ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर वसलेले असल्याने येथे डिसेंबरमध्ये दिवस पावणेआठ तासांचाही उरत नाही, आणि आपल्याकडे मात्र सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. आमच्या घरी ‘संध्याकाळी बघू’ असे म्हणायची पद्धत आहे, कारण तिथे संध्याकाळ रोज ठरलेल्या वेळी येते आणि थोडी थांबतेही. ती सवय मी येथे जशीच्या तशी घेऊन आले होते आणि या शहरात ती उपयोगाची नव्हती.

१६ ऑक्टोबरला व्याख्याने सुरू झाली आणि त्याच दिवशी मी एक नियम घालून घेतला: रोज दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, काम कितीही असले तरी, एक तास बाहेर पडायचे आणि परतताना आमच्या दारासमोरच्या झाडाजवळ पाच मिनिटे थांबायचे. ते झाड मेपलचे होते. बर्लिनमध्ये रस्त्याकडेची चार लाखांहून अधिक झाडे आहेत आणि त्यांच्या खोडांवर क्रमांकाची लहानशी पाटी लावलेली असते. आमच्या झाडालाही तशी पाटी होती. नव्या शहरात कुणाशीच ओळख नसताना क्रमांक असलेल्या त्या झाडाशी माझी पहिली ओळख झाली.

रोज पाहिल्याशिवाय ज्या गोष्टी दिसत नाहीत, त्या मला तेथे दिसल्या. संपूर्ण झाड एकदम पिवळे होत नाही. आमच्या मेपलचा रंग वरच्या आणि बाहेरच्या फांद्यांच्या टोकांना आधी बदलला. रस्त्यावरच्या दिव्याजवळची पाने बराच काळ हिरवी राहिली आणि प्रत्येक पानातही शिरांच्या लगतचा हिरवेपणा सर्वांत शेवटी गेला. शेजारच्या खोलीत राहणारी, जीवशास्त्र शिकणारी मैत्रीण एकदा माझ्याबरोबर आली आणि तिने समजावले की पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, केवळ हरितद्रव्याखाली झाकलेला असतो. दिवस आखडू लागले की झाड ते हरितद्रव्य मोडते, पानातील मोलाचे नत्र खोडात आणि फांद्यांत परत घेते आणि मग खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंग मात्र काही झाडे याच दिवसांत नव्याने तयार करतात. त्याच वेळी देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान आणि फांदी यांच्यातील वाट बंद होते. झाड स्वतःच पानाला सोडते, वारा फक्त निमित्त होतो, हे कळल्यानंतर त्या पाच मिनिटांत पानांच्या देठांकडेही माझे लक्ष जाऊ लागले.

कपड्यांचे तंत्रही शिकावे लागले. एकच जाड कोट पुरेसा नसतो, कारण बसमध्ये उकडते आणि उतरल्यावर बोचरे वारे लागतात; म्हणून येथील लोक पातळ कपड्यांचे थर घालतात आणि त्याला कांद्यावरून नाव देतात. पाणी आत न शिरणारे बूट ही मी या ऋतूत केलेली सर्वांत चांगली खरेदी ठरली.

एका दुपारी उद्यानाच्या वाटेवर तपकिरी, गुळगुळीत, चकाकणाऱ्या बिया विखुरलेल्या दिसल्या आणि लहान मुले त्यांनी खिसे भरत होती. चेस्टनट भाजून खातात हे मी ऐकलेले असल्याने मीही पिशवीभर गोळा केल्या आणि घरी येऊन पातेल्यात पाणी तापत ठेवले. त्या वेळी स्वयंपाकघरात आलेल्या शेजारच्या आजींनी पातेल्याकडे पाहिले आणि घाईने माझा हात धरला. रस्त्याकडेला पडलेल्या त्या बिया घोड्याच्या चेस्टनटच्या, म्हणजे हॉर्स चेस्टनटच्या होत्या आणि त्या विषारी असतात. खाण्याच्या चेस्टनटचे कवच बारीक, दाट काट्यांचे असते, अगदी साळिंदरासारखे, तर या बियांच्या हिरव्या कवचावर मोजके आणि जाड काटे असतात. शिवाय खाण्याच्या फळाला एका टोकाशी छोटासा झुपका असतो. आजींनी हे सारे मला दोन्ही फळे शेजारी ठेवून दाखवले. याच झाडांची पाने ऑगस्टपासूनच तपकिरी का दिसतात, हेही त्यांनीच सांगितले: एक अतिसूक्ष्म पतंग त्या पानांच्या आत अळ्या वाढवतो आणि त्याचे कोश गळलेल्या पानांत हिवाळा काढतात, म्हणून ती पाने झाडाखालून झाडून नेणे महत्त्वाचे असते. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर खराटा घेऊन अंगणातील पाने गोळा केली, आणि येथे आल्यापासून मी उपयोगी पडले असे मला प्रथमच वाटले.

नवरात्रात लाल भोपळा शोधताना मला हॉक्काइडो जातीचा छोटा, शेंदरी भोपळा मिळाला. त्याची साल शिजल्यावर मऊ होते आणि सालीसकट खाता येतो. मी त्याचे घारगे केले. आपल्या भोपळ्याला किसल्यावर जेवढे पाणी सुटते तेवढे याला सुटत नाही, त्यामुळे गुळात शिजवताना थोडे पाणी घालावे लागले आणि कणीक नेहमीपेक्षा कमी लागली. चव मात्र आईच्या हातच्या घारग्यांच्या बरीच जवळ गेली. आजींनी दोन खाल्ले आणि तिसरा कागदात गुंडाळून नेला.

दसऱ्यानंतर वारे वाढले तेव्हा मी टेम्पलहोफच्या मैदानावर गेले. हे पूर्वीचे विमानतळ २००८ मध्ये बंद झाले, २०१० मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि २०१४ च्या सार्वमतात बर्लिनकरांनी त्यावर इमारती उभारण्यास नकार दिला. त्यामुळे शहराच्या ऐन मध्यात तीनशेहून अधिक हेक्टरांची मोकळी जागा शिल्लक आहे. धावपट्टीवर कुटुंबेच्या कुटुंबे पतंग उडवत होती. आपल्याकडे पतंग संक्रांतीचा, येथे तो शरदातल्या वाऱ्याचा, आणि मांजा नसल्याने कुणी कुणाचा काटतही नाही. एका लहान मुलाच्या वडिलांनी काही वेळ दोर माझ्या हाती दिला. डोक्यावरून रानहंसांची रांग ओरडत दक्षिणेकडे गेली आणि मी पतंगाऐवजी त्यांच्याकडेच पाहत राहिले.

कोजागरी त्या वर्षी २८ ऑक्टोबरला होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते. साताऱ्यात ग्रहण मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास लागणार असल्याने वेधांमुळे आईने दूध दुसऱ्या दिवसावर ढकलले होते, आणि मला मात्र ते रात्री साडेनऊनंतर दिसणार होते. मी जायफळ आणि केशर घालून दूध आटवले, वर्गातील तिघांना बोलावले आणि आम्ही अंगणात ढगांची फट मिळण्याची वाट पाहत उभे राहिलो. सव्वादहाच्या सुमारास ढग बाजूला झाले. चंद्राचा खालचा कडा कुरतडल्यासारखा काळवंडला होता आणि जवळच गुरू ठळकपणे चमकत होता. आईला फोन लावला तेव्हा तिच्याकडे पावणेदोन वाजत होते. दोघीही एकाच चंद्राकडे पाहत होतो. ग्रहण सुटल्यानंतर आम्ही दूध प्यालो. वाट पाहण्याचे कारण विचारल्यावर मी आईचा नियम सांगितला आणि तिघांनीही तो पाळला.

त्याच पहाटे तीन वाजता घड्याळे मागे जाऊन पुन्हा दोन वाजले. भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे झाले आणि दुसऱ्या दिवशी सूर्य पावणेपाचच्या आधीच मावळला. या एका दिवसाची मला भीती वाटत होती, कारण त्यानंतर नव्याने आलेली मुले खोलीत कोंडून घेतात असे अनेकांनी सांगितले होते. माझा दुपारचा तास मात्र घड्याळाच्या या बदलातही उजेडातच राहिला आणि त्याने मला सावरले. नोव्हेंबरच्या पहिल्या पावसाने फरसबंदीवर पानांचा निसरडा थर बसला, नारिंगी पोशाखातील सफाई कर्मचारी ढीग उचलू लागले आणि आमच्या मेपलवर टोकाकडची मोजकीच पाने उरली.

११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, अंधार पडताच बालवाडीची मुले कागदी कंदील काठीला टांगून गाणी म्हणत आमच्या रस्त्यावरून गेली. आपला अंगरखा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला देणाऱ्या सैनिकाची कथा त्या गाण्यांत असते. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. मी बॅगेच्या तळाशी घडी करून आणलेला आकाशकंदील उघडला आणि खिडकीत टांगला. साताऱ्यात सव्वानऊ वाजले होते, पूजा आटोपली होती आणि आई फोनवर मला अंगणातल्या पणत्या दाखवत होती. बर्लिनमध्ये पावणेपाच वाजत होते, सूर्य मावळून अर्धा तास झाला होता. मी पहिली पणती लावली. खाली, जवळजवळ रिकाम्या झालेल्या मेपलपाशी, आदल्या दिवशीचा कंदील हातात घेतलेली एक मुलगी थांबली आणि आईचा हात ओढून तिला वर आमची खिडकी दाखवू लागली.